बाई ठेवताना घ्यायची बेफिकिरी

बैलजोडी घ्यायची म्हटलं की तुम्ही तीन बाजार फिरता. जबडा उघडून दात मोजता, दुदाती की चौदाती की जुळलेला ते पाहता, पाठीवर थाप मारून चार पावलं चालवता, जुवाला खांदा देतो की नाही ते बघता. विकणाऱ्याच्या गावात जाऊन कोणाकडून तरी खोड विचारून घेता आणि मगच दलालाच्या दुपट्ट्याखाली बोटं दाबता. ते बरोबरच आहे, बैल महाग असतो. पण सहा महिन्यांचं लेकरू सांभाळायला बाई ठेवायची, तर एवढा कुटाणा कशाला? दारावर आली, "लेकरू पाहतो" म्हणाली, झालं.

पहिली गोष्ट म्हणजे शोध उशिरा सुरू करा. मॅडम म्हणजे लेकराची आई, शाळेत शिक्षिका; तिची बाळंतपणाची रजा १८० दिवसांची. त्यातले १७५ दिवस "पाहू ना, कोणी भेटतेच" असं म्हणत काढा. रविवारी बाई ठरवा, सोमवारी सकाळी सातच्या एसटीनं मॅडमला शाळेवर पाठवा. याच वयात, म्हणजे सहा ते आठ महिन्यांत, लेकरू ओळखीचा आणि परका चेहरा वेगळा करायला लागतं, परक्याच्या हातात दिलं की भोकाड पसरतं. नेमका तोच मुहूर्त साधा. आई घरात असतानाच बाईला दोन-तीन आठवडे आधी बोलावलं, पहिले चार दिवस तासभर, मग दोन तास, मग अर्धा दिवस असं वाढवत नेलं, तर लेकराला तिचा आवाज, तिच्या लुगड्याचा वास, मांडीवर घ्यायची पद्धत ओळखीची होते. पण त्या दिवसांचेही पैसे द्यावे लागतात. आई घरी असताना बाईला पैसे? लोक हसतील.

हंगामाचा विचार तर मुळीच करू नका. जुलै-ऑगस्टमध्ये निंदण, भंडारा-गोंदियाकडे धानाची रोवणी. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, लगेच पऱ्हाटीचा म्हणजे कापसाचा वेचा, तो संक्रांतीपर्यंत चालतो. मग तुरी, मग चणा. मार्च-एप्रिलात जंगलपट्ट्यात मोहफुलं, मे महिन्यात तेंदूपत्ता. गावातल्या बाईचं वर्ष असं आखलेलं असतं. वेच्यात मजुरी किलोवर मिळते, हात चालला तर दिवसाचे पैसे चांगले होतात, शिवाय सोबतीणी असतात, गप्पा असतात, बांधावर बसून शिदोरी खाता येते. तुमच्या घरात ती एकटी, लेकरू रडतंय, आणि भिंतीवर कॅमेरा. तरी दिवाळीच्या तोंडावर ती "मले नाई जमत आता" म्हणाली की आश्चर्याचा धक्का बसू द्या.

पाळणाघराच्या भानगडीत पडू नका, कायद्यानं तुमची आधीच सोय केलेली आहे. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते. मॅडमची शाळा दोन शिक्षकी. म्हणजे फक्त ४८ कमी पडतात. अंगणवाडी गावात आहेच, पण तिथे रोज बसायला जातात ती तीन वर्षांवरची लेकरं. त्याखालच्यांच्या घरी पोषण आहाराची पाकिटं येतात, लेकरू तिकडे ठेवून घेत नाहीत. तुमचा आग्रहच असेल तर सेविकाताईला विचारून पाहा, ती रजिस्टरातून मान वर करून तुमच्याकडे बघेल.

आता बाईची चौकशी. पहिला प्रश्न आडनावाचा. ते कळलं की आपल्याकडे निम्मी चौकशी संपते आणि उरलेली निम्मी आपोआप उरकते. दोन आठवड्यांपेक्षा जुना खोकला आहे का, असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासली का, हे विचारू नका, तिला वाईट वाटेल. तपासणी फुकट असते आणि क्षयरोगाचा धोका लहान लेकराला मोठ्या माणसापेक्षा जास्त असतो, पण माणुसकी म्हणून काही असतं. गावातल्या आशाताईलाही विचारू नका. कोणाच्या हातात लेकरू शांत राहतं आणि कोण त्याला पाळण्यात टाकून टीव्ही लावतं, हे तिच्याइतकं गावात कोणाला ठाऊक नसतं. म्हणूनच नको.

लंगोट बदलायला लावून हात धुते का ते बघणं, वाटी-चमच्यानं चार घोट पाजायला सांगून लेकराचं डोकं वर धरते की आडवं पाडते ते पाहणं, हा झाला बैलाला जुंपून पाहण्याचा प्रकार. बाईमाणसाला असं जुंपून पाहतात का? आणि घशात काही अडकलं तर काय करशील, हा प्रश्न तर विचारूच नका, कारण उत्तर तुम्हालाही येत नाही. वर्षाच्या आतलं लेकरू गुदमरत असेल, त्याला खोकताही येत नसेल आणि रडताही, तर त्याला हातावर पालथं घ्यायचं, डोकं छातीपेक्षा खाली ठेवायचं, दोन खांद्यांच्या मधोमध तळहातानं ५ थापा मारायच्या. मग उताणं करून छातीच्या मध्यभागी एका तळहाताच्या टाचेनं ५ दाब द्यायचे, आणि अडकलेलं निघेपर्यंत हेच आलटून पालटून. घशात आंधळेपणानं बोट घालायचं नाही, अडकलेलं आणखी आत जातं. एखाद्या रविवारी दहा मिनिटं काढून उशीवर करून दाखवता आलं असतं. पण रविवारी बाजार असतो.

खर्रा चालतो का, हेही सोडून द्या. विदर्भात हा प्रश्न विचारणारा माणूस बाहेरचा समजला जातो. पन्नीवर सुपारी, तंबाखू, चुना घासायचा, चिमूट गालात ठेवायची, त्याच बोटांनी लेकराचं तोंड पुसायचं, उरलेली पुडी लुगड्याच्या कनवटीला किंवा खाटेवर. नऊ महिन्यांचं रांगणारं लेकरू पहिल्यांदा काय उचलतं? चमकणारी पन्नी. त्यात सुपारीचे तुकडे घशात अडकायला पुरेसे आणि तंबाखू विषबाधेला पुरेशी. बाईनं खायचा नाही असं तुम्ही ठरवलंत तरी अडचण उरतेच, कारण घरधन्याची पुडी टीव्हीवर ठेवलेली असते.

स्वस्तात पडायचं असेल तर दूरच्या नात्यातली एखादी बारा वर्षांची पोरगी आणा. "शिकवू तिला, घरच्यासारखी राहील" असं सांगा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवल्यास सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा २० ते ५० हजार रुपये दंड, प्रसंगी दोन्ही. पण तुम्ही कुठे कामावर ठेवलंय? ती तर घरच्यासारखी आहे. फक्त घरची लेक शाळेत जाते.

पगाराचा हिशेब मात्र नीट करा. महिन्याला ४००० रुपये, २६ दिवस, सकाळी सात ते संध्याकाळी पाच. रोजाला १५४ रुपये पडतात, तासाला १५. रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात २०२५-२६ चा दर ३१२ रुपये होता. त्यातली गंमत अशी की २००५ च्या त्या कायद्यातच लिहिलं होतं, कामावर आलेल्या बायांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं असतील तर त्यांच्यातलीच एक बाई लेकरं सांभाळायला नेमायची आणि तिला खोदणाऱ्यांइतकीच मजुरी द्यायची. म्हणजे सरकारलासुद्धा लेकरू सांभाळणं हे माती खोदण्याइतकं काम वाटलं. तुम्ही सरकारच्या नादी लागू नका. "बसूनच तर असते" हे वाक्य तोंडपाठ ठेवा आणि बसल्या बसल्या तिच्याकडून भांडी, झाडझूड, तूर निवडणं आणि दुपारचा स्वयंपाक करून घ्या. मग लेकरू खाटेवरून पडलं की विचारा, "लक्ष कुठं होतं?"

सालगड्याचा व्यवहार तुम्ही पाडव्याला चार माणसांत करता. उचल किती, जवारी किती, कपडे-चपला कधी, सगळं बोलून घेता. बाईच्या बाबतीत वेळ, सुटी, उशीर झाल्यास जादा पैसे, ती आजारी पडली तर बदली कोण, यातलं काही कागदावर आणू नका. १८ ते ६० वयाच्या घरेलू कामगाराची कल्याण मंडळाकडे नोंदणी होते, २००८ पासून तसा कायदा आहे, हेही तिला कळू देऊ नका. लोभ वाढतो.

दूध हा खरा विषय, इथे बेफिकिरीला वाव फार. आई सकाळी निघताना दूध काढून ठेवते. उकळून घेतलेल्या झाकणाच्या वाटीत, फ्रिजच्या दारात नाही तर आतल्या बाजूला, वर वेळ लिहून ठेवलं तर ते चार दिवस टिकतं. बाहेर टिकतं चार तास, तेही खोलीचं तापमान २५ अंशांपर्यंत असेल तर. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडच्या मे महिन्यात स्वयंपाकघर चाळिशीच्या पुढे असतं आणि दुपारी लाइन जाते, तिथे हे चार तास विसरायचे. त्यासाठी बर्फाच्या पिशव्या आणि डबा आदल्या रात्रीच तयार ठेवावा लागतो. बाईला एवढंच सांगा, "दूध फ्रिजमध्ये आहे." ती ते गॅसवर उकळेल, कारण दूध म्हटलं की उकळायचं. गरम पाण्याच्या भांड्यात वाटी धरून कोमट करायचं असतं आणि उरलेलं उष्टं दूध दोन तासांनी टाकून द्यायचं असतं, हे तिला कोणी सांगितलेलं नसतं.

पावडरचं दूध देत असाल तर बाटली घ्या. बूच, चकती, मानेच्या खाचा, सगळीकडे साय धरते, धुवायला ब्रश लागतो आणि रोज उकळावी लागते, म्हणून ती फार सोयीची. बहुतेक डब्यांवर ३० मिली पाण्याला एक सपाट माप असं असतं. डबा महाग, महिनाअखेर बाई अर्धं माप टाकते, कारण डबा लवकर संपला तर बोलणी तिलाच बसतात. लेकरू पोटभर पितं आणि वजन वाढत नाही. अंगात पाणी पुरेसं जातं का, याचा हिशेब सोपा आहे: दिवसात सहा लंगोट ओले झाले पाहिजेत. वहीत दूध, शू, शी, झोप अशी चार घरं आखून द्यायची. बाईला लिहिता येत नसेल तर काडीचा कोळसा आणि भिंत पुरते. पण भिंतीला नुकताच रंग दिलाय.

दुपारी लेकरू झोपलं पाहिजे, कारण बाईला कामं असतात. वऱ्हाडात कधीकाळी वेच्याला जाणारी आई अफूचा कण चाटवून लेकरू झोळीत टाकायची. आपण सुधारलो आहोत, आपण सर्दीचं सिरप देतो. मेडिकलवाला चिठ्ठी मागत नाही, अर्धा चमचा पुरतो, दोन तासांची निश्चिंती. २०२५ मध्ये छिंदवाड्याकडून नागपूरच्या दवाखान्यांत आणलेल्या लेकरांची मूत्रपिंडं विषारी द्रव्य असलेल्या खोकल्याच्या औषधानं निकामी झाली आणि त्यातली बरीच घरी परतली नाहीत. त्यानंतर केंद्रानं पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या लेकराला खोकल्या-सर्दीची औषधं देऊच नयेत. बाटली मात्र अजून तुमच्याच फळीवर आहे, बाईनं घरून आणलेली नाही. लुगड्याच्या झोळीत हनुवटी छातीला टेकते, कापड नाकावर येतं, म्हणून सपाट, घट्ट गादीवर उताणं निजवावं आणि उशी-गोधडीचा ढीग जवळ ठेवू नये. हे तुम्ही बाईला सांगाल तर आजी म्हणतील, "आमी का मारले का लेकरं?"

आजींचा मुद्दा असा की घरात सांगणारे कमीत कमी तीन पाहिजेत. डॉक्टरांनी सांगितलं सहा महिने फक्त आईचं दूध, उन्हाळ्यातही वरचं पाणी नाही. आजी म्हणतात, "जीव सुकते त्याचा." घुटीत वेखंड किती वळसे, जायफळ किती, हे आजींच्या हाताला माहीत. बाईच्या हाताला नाही, पण आजी देवदर्शनाला गेल्या की सहाण बाईकडे येते. मध चाटवायचा नाही, वर्षाच्या आत त्यानं बोट्युलिझम होऊ शकतो, हे मॅडमला माहीत. कोणाचं ऐकायचं हे बाईला कोणीच सांगत नाही. ती तिघांचं ऐकते.

मे महिन्यात कूलर खाली मांडा, पत्र्याचा, लोखंडी. दरवर्षी उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून माणसं जातात, त्याच कूलरच्या जाळीला धरून आपलं लेकरू पहिल्यांदा उभं राहतं, फोटो चांगला येतो. अर्थिंग तपासणं, ३० मिलिअँपिअरवर लाइन तोडणारं उपकरण बोर्डात बसवून घेणं, पाणी भरताना आधी पिन काढायला बाईला शिकवणं, या सगळ्यात एक दुपार जाते. त्यापेक्षा कॅमेरा बसवा. कॅमेऱ्यात सगळं दिसतं, शाळेतून. नेटवर्क असलं तर.

शेवटी सुटीचं. आठवड्याला एक सुटी ठरवली तर ती सवय होऊन बसते. म्हणून बाई मागेल तेव्हा कारण विचारा, मग कारणाचं कारण विचारा. तिचंही दीड वर्षाचं लेकरू आहे आणि ते दिवसभर थोरल्या बहिणीच्या कडेवर असतं, शाळा बुडवून, असं मध्येच निघालं तर विषय बदला. श्रावणी अमावास्येच्या आदल्या दिवशी ती म्हणेल, "वहिनी, उद्या पोळा हाये, नाई येत." सांगा, पाहुणे येणार आहेत, पुरणाचं सारण आहे, लेकराला कोण पाहील, ये थोडा वेळ. मग तुम्ही गोठ्यात जा. बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळून झाली असेल. त्यांच्या कानाशी वाका आणि दरवर्षीसारखं प्रेमानं म्हणा: आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.