सर, माझ्याकडे तोंड करून बोला

आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप गटावर चार दिवस एकच वाद चालला आहे. परभणी जिल्ह्यातील एका शाळेत कानाला यंत्र लावणाऱ्या सातवीतल्या मुलीने भर वर्गात गुरुजींना सांगितले, "सर, फळ्याकडे तोंड करून बोलू नका, मला ओठ दिसत नाहीत", आणि शाळेने तिच्या वडिलांना बोलावून घेतले. स्वतः शिक्षक असलेल्या माझ्या आतेभावाने निकाल दिला, "लेकराला मागायला नाही, सोसायला शिकवावं लागतं."

इकडे अमेरिकेत, ओहायोत, माझी मुलगीही सातवीत आहे आणि तिलाही यंत्र लागते. गेल्या महिन्यात तिच्या आयईपीच्या, म्हणजे तिच्यासाठी शाळेने आखलेल्या वैयक्तिक शिक्षण योजनेच्या, बैठकीत पहिली दहा मिनिटे ती एकटी बोलली : कोणत्या कानाने किती ऐकू येते, जेवणाच्या हॉलमध्ये काहीच का कळत नाही, आणि कोणते शिक्षक तिच्या यंत्रात थेट आवाज पोचवणारा गळ्यातला माइक बंद न करताच कॉरिडॉरमध्ये गप्पा मारतात. हे उपजत आलेले नाही. स्वतःचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, वाचणे, "काय?" असे न विचारता "शेवटचा शब्द कळला नाही" असे नेमके सांगणे, नकार मिळाला तर कोणाकडे जायचे हे ठाऊक असणे, हे सारे तिच्या शिक्षिकेने पाचवीपासून घोटून घेतले आहे. शाळेनंतरच्या आयुष्याचे नियोजन ओहायोच्या कायद्याने चौदाव्या वर्षी सुरू होते आणि त्या बैठकीला विद्यार्थ्याला बोलवावेच लागते. पण तोवर गप्प बसवलेल्या मुलाला त्या दिवशी अचानक वाचा कशी फुटावी?

आपल्याकडे कायदा नाही असे नव्हे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगत्वे आहेत; लेखनिक आहे, सरकारी सूचनांनुसार परीक्षेत तासाला किमान वीस मिनिटे जादा वेळ आहे. मात्र अर्ज वडील करतात, टक्के डॉक्टर ठरवतात, शिफारस शाळा करते. लेकराने तोंड उघडावे अशी जागाच त्यात दिसत नाही.

हे सगळे मी गटावर लिहिले, तेव्हा आतेभावाने विचारले, "दादा, माझ्या वर्गात साठ पोरं आहेत, मी कुणाकुणाकडं तोंड करू?" प्रश्न रास्त होता, म्हणूनच मी उत्तर दिले नाही. माझी मुलगी सहावीत महिनाभर यंत्र दप्तरात लपवत होती, हेही मी लिहिले नाही.

आणखी एक गोष्ट लिहिली नाही. अंबाजोगाईला चौथीत असताना माझा डावा कान फुटला. आई कोमट तेल घालत राहिली आणि मी दहावीपर्यंत तो कान भिंतीकडे करून पहिल्या बाकावर बसलो. त्या बाकामुळे हुशार म्हणून नावाजलाही गेलो. इथे येऊन एकोणीस वर्षे झाली, पण कचेरीत अजून कोणाला माहीत नाही. मुलीच्या त्या बैठकीत तिची योजना सांभाळणाऱ्या केस मॅनेजर माझ्या डावीकडे बसल्या होत्या. त्यांनी काहीतरी विचारले आणि मी सवयीने हसून मान डोलावली. तेव्हा मुलगी शांतपणे त्यांना म्हणाली की, बाबांना त्या कानाने ऐकू येत नाही, तुम्ही या बाजूला येऊन बोला.

परतताना गाडीत मी तिच्यावर खेकसलो, "चार माणसांत सांगायची काय गरज होती तुला?"