अध्यक्ष पक्षाचा, शोध स्टुडिओत

काँग्रेस निवडणूक हरली रे हरली, की चॅनेलवरच्या विश्लेषकांचा नव्या नेत्याचा शोध सुरू! वीट आलाय याचा.

२०१९ ला ५२ जागा आल्या, राहुल गांधींनी अध्यक्षपद सोडलं आणि पुढची तीन वर्षं पक्ष हंगामी अध्यक्षावर चालला. तीन वर्षं! ऑगस्ट २०२० मध्ये २३ नेत्यांनी पत्र लिहिलं, त्यात आपले पृथ्वीराज चव्हाणही होते. मागणी अगदी रास्त होती: पूर्णवेळ अध्यक्ष द्या, संघटनेत निवडणुका घ्या. पण पत्र बाहेर फुटलं आणि मागण्या राहिल्या बाजूला. निष्ठावान कोण, बंडखोर कोण, यावरच रोज रात्री आरडाओरडा. आणि पक्षातले मोठे मोठे नेतेही त्याच भाषेत बोलायला लागले, याची मला जास्त चीड येते. तुमच्या घरातलं भांडण तुम्ही अँकरच्या हातात का देता?

ऑक्टोबर २०२२ मध्ये अखेर मतदान झालं. खर्गेंना ७,८९७ मतं, थरूरांना १,०७२. किती पक्षांत अध्यक्षपदासाठी अशी मतमोजणी होते हो? पण त्यावर धड चर्चा नाही. रिमोट कुणाच्या हातात, एवढंच पालुपद.

अरे, तालुकाध्यक्ष आणि जिल्हाध्यक्ष वरूनच नेमले जातात, सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याला तिथे मत कधी मिळणार, हे विचारा की एकदा! पक्षालाही विचारा, आणि बाकीच्या पक्षांनाही.