वाघाच्या वर्षातली बाई आणि समोरच्यांचा पलंग

समोरच्या आंटींनी दारातच विचारलं, "तुझं जन्मसाल कुठलं गं?"

मी म्हटलं, १९८६.

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि चेहरा कसनुसा केला. "अरे देवा, वाघ! मग तू खोलीत नको येऊस हं. इथूनच बघ."

तर अशा रीतीने, हातात काजूकतलीचा डबा घेऊन, मी सिंगापुरातल्या आमच्याच मजल्यावर एका नव्या पलंगापासून सहा फुटांवर अडवली गेले. चिनी बारा वर्षांच्या चक्रात १९८६ हे वाघाचं वर्ष. वाघ लग्नाच्या खोलीत शिरला की इजा होते, अशी समजूत. जयसिंगपूरच्या कन्या राशीच्या मुलीला वाघ व्हायला एवढ्या लांब यावं लागलं.

प्रसंग होता 'आन छ्वांग'चा. छ्वांग म्हणजे पलंग आणि आन म्हणजे स्थिर करणं, निवांत करणं. लग्नाच्या काही दिवस आधी मुहूर्त बघून नवराबायकोचा पलंग जागेवर लावायचा, त्यावर नवी लाल चादर, नव्या उशा, नवी दुलई घालायची. त्यानंतर लग्नाच्या रात्रीपर्यंत त्यावर कुणी बसायचंसुद्धा नाही. मुहूर्त पंचांगातून. त्यांच्या पंचांगात रोजच्या तारखेखाली 'आज काय करावं, काय टाळावं' याची यादी असते आणि तिथे पलंग लावणं ही स्वतंत्र नोंद असते. आपल्या दाते पंचांगाने वास्तुशांतीच्या शेजारी 'पलंग मुहूर्त' छापावा तसं. या पंचांगाचं मूळ नाव थोंग शू. पण कँटोनीजमध्ये, म्हणजे हाँगकाँगकडच्या चिनी बोलीत, पुस्तकाला जो शब्द आहे तो 'हरणं' या शब्दासारखाच ऐकू येतो. म्हणून तिकडच्या लोकांनी नावच बदलून 'थुंग शिंग' केलं, म्हणजे जिंकणं. घरात हार कशाला आणून ठेवायची!

हे सांगितलं कारण या सगळ्या विधीचा गाभाच असा शब्दांच्या आवाजात आहे. चादरीवर चार वस्तू टाकतात: लाल बोरं, भुईमुगाच्या शेंगा, सुकं लोंगान (लिचीचं भावंड) आणि कमळाचं बी. मँडरिनमध्ये बोर म्हणजे त्साओ, आणि 'लवकर' यालाही त्साओ. (हा त्स म्हणजे आपल्या चमच्यातला च. मराठी माणसाला चिनी उच्चार फुकटात जमतात, त्याचा आपण काही उपयोग करत नाही ते सोडा.) शेंग म्हणजे ह्वा-शंग, त्यातलं शंग म्हणजे जन्म. लोंगान म्हणजे क्वेइ-युआन, क्वेइ म्हणजे थोर. कमळबी लिएन-त्स, त्यातलं त्स म्हणजे बी आणि मूलही. चारही एका ओळीत मांडली की वाक्य होतं: त्साओ शंग क्वेइ त्स. लवकर थोर पुत्र होवो. आशीर्वाद कुणी तोंडाने देत नाही, वाण्याच्या दुकानातून आणून अंथरतात.

इंग्रजीत त्या बोरांना 'रेड डेट्स' म्हणतात म्हणून मी कित्येक वर्षं त्याला खारीक समजत होते आणि ओटीशी नातं जोडून खूश होते. ती खारीक नव्हेच. ते बोर, आपल्या बोराच्याच कुळातलं, वाळून लाल सुरकुतलेलं. आणि बोरं नि शेंगा म्हटल्यावर मला ओटी नाही, बोरन्हाण आठवलं. आपण संक्रांतीला बाळाच्या डोक्यावर बोरं, शेंगा, उसाचे करवे ओततो. ते मूल यायच्या आधी गादीवर टाकतात, आपण मूल आल्यावर त्याच्या डोक्यावर.

आता कुणी म्हणेल, किती प्राचीन परंपरा! थांबा. भुईमूग मुळात दक्षिण अमेरिकेचा. तो चीनमध्ये पोचला सोळाव्या शतकाच्या आसपास. म्हणजे हे चार वस्तूंतून जुळवलेलं वाक्य त्याहून जुनं असूच शकत नाही. पलंगावर काहीतरी उधळायची रीत त्याच्या बरीच आधीची आहे. सोंग राजघराण्याच्या काळात काइफंग शहरात लग्नाच्या पलंगावर बायका नाणी आणि रंगीत फळं उधळायच्या, अशी बाराव्या शतकातली नोंद आहे. पुढे परदेशी शेंग आली, तिच्या नावात 'जन्म' सापडला, आणि तिला पलंगावर जागा मिळाली. कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत.

पलंगही बदललाच. पूर्व चीनमधल्या निंगबो भागात 'हजार मजुरीचा पलंग' असायचा, म्हणजे एका कारागिराचे हजार दिवस, जवळपास तीन वर्षं, खाणारा. त्याला कोरीव छत, कठडे, पुढे छोटा सोपा. आत शिरलं की खोलीतल्या खोलीत गेल्यासारखं. इथे आर्मेनियन स्ट्रीटवरच्या पेरानाकन (पिढ्यान्‌पिढ्या इकडे रुजलेल्या चिनी वंशाच्या लोकांच्या) म्युझियमच्या संग्रहात पेनांगहून आलेला असाच एक सोनेरी कोरीवकामाचा पलंग आहे. त्याच्या मालकिणीला अकरा मुलं झाली, त्यातली पहिली सात त्याच पलंगावर जन्मली. तो पलंग बघताना माझ्या मनात पहिल्यांदा कौतुक नाही आलं, कंबर दुखली.

आमच्या समोरच्यांचा पलंग ऑनलाइन मागवलेला, तीन खोक्यांतून आलेला, स्क्रू-पान्याने जोडलेला. खाली कप्पे, कारण खोलीत कपाटाला जागा नाही. मुलगा-सून दोघांनी सरकारी सोसायटीत नव्या फ्लॅटसाठी अर्ज केलाय, किल्ली मिळायला अजून वेळ आहे. तोवर मुक्काम आईच्या घरातल्या, मुलाच्या शाळेपासूनच्या खोलीत. या देशातली तीन चतुर्थांशाहून जास्त माणसं एचडीबीच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, घरांत राहतात, त्यामुळे ही गोष्ट घरोघरची. पलंग लावायला अमुक दिशा हवी, आरसा समोर नको, वर तुळई नको, हे सगळं पाळायचं तर पलंग लिफ्टमध्ये ठेवावा लागेल. मग काय केलं? पलंग जिथे मावतो तिथे लावला आणि मुहूर्ताच्या वेळी तो दोन बोटं सरकवला. झालं स्थापन. आरशावर लाल कागद चिकटवला, त्यावर जोड-आनंदाचं अक्षर. आंटी म्हणाल्या, देवाला कळतं जागेचे भाव काय आहेत ते.

मला हे फार आवडतं. पलंग म्हणजे घरपोच आलेली आणखी एक वस्तू, असं न होऊ देण्याची ही युक्ती आहे. दोन घरची माणसं अर्धा तास एका खोलीत उभी राहून चादरीच्या सुरकुत्या काढतात, याला मी अंधश्रद्धा म्हणून हिणवणार नाही. ज्यांना म्हणायचं त्यांनी खुशाल म्हणावं.

होणारी सून तर आणखी हुशार निघाली. तिचं आणि नवऱ्याचं मुलाबाळांचं काही ठरलेलं नाही, कदाचित नकोच आहे. (सिंगापुरात २०२३ साली दर बाईमागे सरासरी ०.९७ मूल होतं. १९७०च्या दशकात 'दोनवर थांबा' सांगणारं सरकार १९८७ पासून 'परवडत असेल तर तीन किंवा जास्त होऊ द्या' म्हणू लागलं, आणि बायका ऐकत नाहीयेत.) तिला चादरीवर 'लवकर पुत्र होवो' नको होतं. सासूशी भांडायचंही नव्हतं. तिने काय करावं? बाजारातून लिलीचे वाळवलेले कंद आणले. त्यांना म्हणतात पाय-ह, आणि ते शब्द 'शंभर वर्षं सुखाने एकत्र' या आशीर्वादात येतात. रीत शब्दांच्या आवाजावर चालते ना, मग शब्द बदला. शेंगांची वाटी बाजूच्या टेबलावर राहिली, आम्ही चहाबरोबर संपवली.

पलंगावर लोळायला लहान मुलगा लागतो, ड्रॅगनच्या वर्षातला असला तर सोन्याहून पिवळं. २०२४ ड्रॅगनचं होतं, त्यामुळे नवरदेवाचा दीड वर्षाचा भाचा हजर होता. त्याला गादीवर ठेवलं तर तो लोळायच्या ऐवजी उशीचा कोपरा चघळत बसला. मग त्याच्या सहा वर्षांच्या बहिणीने चप्पल काढली आणि ती या टोकापासून त्या टोकापर्यंत तीनदा लोळली, वर उड्याही मारल्या. एक काका म्हणाले, मुलगी कशी चालेल. कुणीच उत्तर दिलं नाही. दोघांनाही आंगपाव, म्हणजे लाल पाकिटातले पैसे, मिळाले, सारखेच.

म्हणजे पंचांग वाकलं, दिशा वाकली, बी-बियाणं बदललं, मुलाच्या जागी मुलगी चालली. आता खरं सांगायचंय ते पुढे.

दाराबाहेर मी एकटी नव्हते. माझ्या शेजारी आंटी उभ्या होत्या. पलंगाचे पैसे त्यांनी दिले होते. चादर त्यांनी चायनाटाऊनमध्ये चार दुकानं हिंडून घेतली होती. घर त्यांचं, मुलगा त्यांचा. पण पलंग घालणारी बाई 'हाओ मिंग' म्हणजे चांगल्या नशिबाची लागते: नवरा हयात, जमल्यास आईवडील हयात, पदरी मुलगा आणि मुलगी दोन्ही. मराठीत एका शब्दात सांगायचं तर सवाष्ण, तीही लेकुरवाळी. आंटींचा नवरा गेला तेव्हा हा मुलगा चौथीत होता. त्यामुळे चादर अंथरत होत्या त्यांच्या नणंदबाई. आणि आंटी दारातून सूचना देत होत्या, "डावा कोपरा ओढ. अजून. तिकडे नाही, पायाकडचा."

नणंदबाईंना कोपरा काही केल्या जमत नव्हता. आंटींचा हात दोनदा नकळत पुढे आला आणि परत मागे गेला.

मुलाने आधी आईला विचारलं होतं, तूच घाल म्हणून. मला हे नंतर कळलं. आंटींनीच नकार दिला. म्हणाल्या, "माझ्या नशिबाची परीक्षा तुझ्या संसारावर कशाला?"

यावर काय बोलणार? बाहेरून येऊन एखाद्या बाईला 'तुम्ही स्वतःला कमी समजता' सांगणं फार सोपं आहे. पण माझ्या हळदीच्या दिवशी माझी आई कुठे होती ते मला माहीत आहे. स्वयंपाकघरात. नारळ खवत. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती. ओटी मामींनी भरली, हळद काकूंनी लावली, फोटोत सगळ्या आहेत. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, शिकलेली, कमावती, आणि मी तोंडातून एक शब्द काढला नाही. आई स्वतःच मागे झाली होती ना! सोय झाली सगळ्यांचीच.

आमच्या गावाजवळ, शिरोळ तालुक्यातच, हेरवाड आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीने विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. मी ती बातमी अभिमानाने आईला पाठवली. आईचं उत्तर आलं: "छान झालं. पण पहिली कोण जाणार?"

चीनमध्ये तर या नियमाची गंमतच झाली आहे. १९८० पासून २०१५ पर्यंत एकच मूल. शहरातल्या बहुतेक बायकांना मुलगा तरी किंवा मुलगी तरी. मुलगा आणि मुलगी दोन्ही असलेली सवाष्ण शोधायची कुठून? तिथे काय करतात सांगायला नको, जी मिळेल ती चालते. अपत्यांची अट सरकारी धोरणापुढे निमूट सैल होते. नवऱ्याची अट मात्र जशीच्या तशी. 'विधवा वर्ष' हेही असंच. ज्या चांद्रवर्षात वसंतारंभाचा दिवस येत नाही ते लग्नाला अशुभ, त्याला नावच विधवा वर्ष. २०२४ तसं होतं. त्या वर्षी चीनमध्ये विवाहनोंदणी २० टक्क्यांनी घसरून ६१ लाखांवर आली. २०१३ मध्ये ती १ कोटी ३४ लाखांवर होती. घसरणीची कारणं घरांच्या किमती, नोकऱ्या, कमी झालेली तरुण लोकसंख्या अशी पुष्कळ आहेत, सगळं खापर पंचांगावर फोडायला नको. पण आमच्या आंटींनी मुलाचं लग्न २०२५ वर ढकललं ते यामुळेच. त्या चांद्रवर्षात वसंतारंभ दोनदा येत होता. एक विधवा बाई आपल्या मुलासाठी विधवा वर्ष टाळत होती, आणि तिला त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. मला वाटलं, पण काजूकतली पुढे करण्यापलीकडे मी काही केलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की परंपरा बदलत नाहीत ही तक्रारच खोटी आहे. जागा कमी पडली की दिशा बदलते, पीक नवं आलं की नैवेद्य बदलतो, सुनेला नको असेल तर आशीर्वाद बदलतो. दाराबाहेर कोण उभं राहणार, हा प्रश्न आला की मात्र आपल्याला अचानक पूर्वज आठवतात. आणि दाराबाहेर उभी असलेली बाई तक्रार करत नाही, हे तिच्या संमतीचं प्रमाणपत्र म्हणून आपण चौकट करून लावतो.

चहा झाला, पाहुणे गेले. दार बंद करताना मला दिसलं, सून आंटींना हाताला धरून खोलीच्या दारात घेऊन आली होती आणि तो डावा कोपरा दाखवत होती. नणंदबाईंनी शेवटी तो नुसता गादीखाली कोंबला होता. आंटी बराच वेळ बघत राहिल्या. मग चप्पल काढून आत गेल्या, कोपरा उपसला, नीट दुमडला, खोचला, आणि लगेच बाहेर आल्या. जणू गॅस बंद केला की नाही ते बघायला गेल्या होत्या.

नव्या फ्लॅटची किल्ली मिळाली की हा पलंग तिकडे जाईल. घर बदललं की आन छ्वांग पुन्हा करतात. सुनेने आत्ताच जाहीर केलंय की त्या वेळी आत्याबाईंना फक्त जेवायला बोलवायचं.

वाघांचं काय करायचं, यावर अजून कुणी काही बोललेलं नाही.