हुद्दा आधी, मॅन्युअल नंतर

टेक्निकल रायटरची, म्हणजे यंत्रांची मॅन्युअल लिहायची, नोकरी लागली? अभिनंदन. आता चुकूनही लिहायला बसू नका. आधी हुद्दा ठरवा.

आपण बेळगावची माणसं, नावावरून भांडायचं बाळकडू १९५६ पासून मिळालेली. २०१४ च्या १ नोव्हेंबरला गावाचं नाव सरकारदरबारी बदललं, तरी टिळकवाडीतला माणूस अजून 'बेळगावला'च परत येतो. तेव्हा कार्डावरच्या दोन शब्दांसाठी सहा महिने झुंजणं तुम्हाला जड जायचं नाही.

'रायटर' तेवढं नको. शहापुरातली मावशी विचारेल, "म्हणजे कचेरीबाहेर बसून बाँड लिहितोस होय रे?" 'कम्युनिकेटर' सांगितलंत तर ती मोबाइल दुरुस्तीला देईल. 'इन्फर्मेशन डेव्हलपर' चालेल, आयबीएममध्ये चाललाय. पण सगळ्यात उत्तम 'डॉक्युमेंटेशन इंजिनिअर'. विश्वेश्वरय्या विद्यापीठाच्या गावात 'इंजिनिअर' शब्द दिसला की स्थळं आपोआप येतात. (पगार तोच राहतो. तो विषय काढू नका.)

नावात काय आहे, असं कोणी म्हणालं तर त्याला अमेरिकेतली संस्था दाखवा. १९५३ मध्ये टेक्निकल रायटर्सची म्हणून सुरू झाली, १९७१ मध्ये नावातून 'रायटर्स' काढून 'सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन' झाली. २०२५ च्या जानेवारीत दिवाळं निघून बंद पडली, पण नाव शेवटपर्यंत भारदस्त होतं.

आपल्या बेळगावजवळच्या हत्तरगीला विमानाचे सुटे भाग बनतात. त्या धंद्यात मॅन्युअलसाठी 'एएसडी-एसटीई१००' नावाची शिस्त आहे: एका शब्दाचा एकच अर्थ. ती आपल्या हुद्द्याला लावायला जाऊ नका, कार्ड कोरं राहील.

आणि मॅन्युअल? होतंय की. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मीही हायड्रॉलिक प्रेसचं केलं. मुखपृष्ठावर माझं नाव, खाली 'सीनियर इन्फर्मेशन आर्किटेक्ट'. नववी पायरी: कव्हरचे बोल्ट सैल करा. दहावी: लाइनमधलं प्रेशर सोडा. क्रम उलटा पडला खरा, पण त्या आठवड्यात मी एचआरला 'आर्किटेक्ट' आणि 'स्ट्रॅटेजिस्ट' यांतला फरक समजावण्यात गुंतलो होतो. फिटरनं नववी पायरी इमानानं पाळली. तेलाची चिळकांडी थेट छातीवर. डोळे वाचले, ते चष्म्यामुळे.

"काय की हो साहेब, आंघोळच घातलीसा!"

अशा वेळी डगमगायचं नाही. दुरुस्ती 'कंटेंट गव्हर्नन्स'कडे येते, आपल्याकडे नाही, असं शांतपणे सांगायचं. मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गेलो, तर प्रेसच्या अंगावर खडूनं लिहिलेलं, वर मराठीत, खाली कन्नडमध्ये: 'आधी प्रेशर सोड. मग बोल्ट.' लिहिणारा पोरगा तिथंच उभा होता. सवयीनं त्याचा हुद्दा विचारला.

"हेल्पर," म्हणाला, आणि खडूचा हात पँटीला पुसून कामाला लागला.