नाईटलाइफ हवंय? आधी घरी जायची गाडी सांगा

रात्री पावणेबाराला शेवटची केबल गुंडाळून टेम्पोत टाकली आणि आमचा हाताखालचा पोरगा म्हणाला, "दादा, पोटात कावळे ओरडतायत. आता कुठं काय मिळंल?" रत्नागिरीत एवढ्या रात्री मिळण्यासारखं दोनच ठिकाणी. मारुती मंदिराकडे अंडाबुर्जीची गाडी चालू असली तर बुर्जी-पाव, नाहीतर सरळ मिरकरवाडा बंदर. बुर्जीवाला झाकपाक करून गेलेला. मग मिरकरवाडा.

त्याच संध्याकाळी आमच्या पोराने मला मोबाईलवर एक रील दाखवलं होतं. पुण्याला शिकून आलेला आपल्याच गावचा एक मुलगा मांडवीच्या जेटीवर उभा राहून सांगतोय की रत्नागिरीत नाईटलाइफ शून्य, साडेनऊला गाव झोपतं, इथे पब पाहिजे, लाइव्ह म्युझिक पाहिजे, नाहीतर तरुण थांबणार कशाला? खाली कमेंटींचा पाऊस. अर्धे "खरंय भावा", अर्धे "संस्कृती बिघडवू नका, पुण्यालाच राहा". मी दोन्हीकडचं वाचलं आणि दोन्हीकडच्यांचा राग आला. गेली बावीस वर्षं साउंडचा धंदा करतोय. लग्न, नाटक, नमन, भजन, वाढदिवस, शोकसभा, सगळीकडे माईक लावलाय. या गावची रात्र पोलीस, नर्सबाई आणि खलाशी सोडले तर माझ्याएवढी कुणी पाहिली नसेल. म्हणून लिहितोय. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

गाव साडेनऊला झोपतं म्हणणाऱ्याने एकदा हंगामात रात्री एकला मिरकरवाडा बंदरावर यावं. बर्फाच्या लाद्या फोडायचं मशीन खडखडत असतं, डिझेल भरणं चालू असतं, कुणी जाळी सांधत बसलेला, कुणी क्रेट मोजतोय. खलाशांत निम्मी पोरं नेपाळची. त्यांच्या मोबाईलवर नेपाळी गाणी, शेजारच्या होडीवर कव्वाली, आणि टपरीवाल्याच्या रेडिओवर लता. तिन्ही एकाच वेळी. माझ्यासारख्या साउंडवाल्याला हे मिक्सिंग सहन व्हायला नको, पण तिथे खटकत नाही. समोर पाण्यावर कधी कधी दिव्यांची रांग दिसते. दिसायला दिवाळी, पण दिव्यांनी मासे ओढणाऱ्या एलईडी मासेमारीवर केंद्राने २०१७ साली बंदी घातलेली आहे, तेव्हा ते दिवे कुणाचे हे बंदरावर कुणी मोठ्याने बोलत नाही. मीही नाही.

मग एप्रिल-मे. बागेतून दिवसभर उतरवलेला हापूस संध्याकाळी पेटीत भरतात, रात्री टेम्पो वाशीच्या वाटेला लागतात. पहाटे माल मार्केटला लागला पाहिजे, भाव त्यावर. त्या दोन महिन्यांत खेडशी-हातखंब्याकडच्या रस्त्याला रात्री दोनला जेवढी वर्दळ असते तेवढी दुपारी दोनला नसते. बागेत राखणदार जागा, तोही बहुधा नेपाळीच. २०१८ ला हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, पेटीवर स्टिकर आला. त्या राखणदाराला रात्री गरम चहा मिळेल अशी एखादी टपरी मात्र अजून त्या रस्त्याला नाही.

तुम्ही म्हणाल, ही कामाची रात्र झाली, आम्ही करमणुकीचं बोलतोय. बरं, करमणुकीचं बोलू. शिमग्यात श्रीदेव भैरीची पालखी बाहेर पडली की या गावात झोपतो कोण? गावोगावच्या नमनात, म्हणजे आपल्या कोकणी लोकनाट्यात, मृदंग लागला, गणपती नाचून गेला, गवळणी आल्या, मावशीने दोन टोमणे मारले, संकासुर आला, की पहाट कधी झाली कळत नाही. गणपतीत जाखडी, आपला कोकणी नाच. शक्तीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष समोरासमोर, शाहीर एकमेकांची पिसं काढतायत, पायातले चाळ एका ठेक्यात. आता त्यात ऑक्टोपॅड आलं, कीबोर्ड आला, चाली सिनेमाच्या झाल्या. जुनी माणसं नाक मुरडतात. मला त्यातून भाडं मिळतं म्हणून मी मुरडत नाही, एवढं प्रामाणिकपणे सांगतो. हीच मंडळी मुंबईत साहित्य संघात तिकीट लावून नमन करतात आणि चाकरमानी रांगा लावतात. म्हणजे रात्री जागून पैसे देऊन गाणं-नाच बघणारा माणूस आपल्याकडे आहेच. रीलमधल्या मुलाने आपल्या आजीला विचारलं असतं तरी कळलं असतं.

आता अडचण सांगतो. दहा वाजतात.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देता येते, ते बरेचसे गणपती-नवरात्रात जातात. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. आपण समोरासमोर बसून साधं बोलतो ते साधारण ६० भरतं. म्हणजे गॅलरीत बसून चार भावांनी जमिनीच्या वाटण्या काढल्या तरी ते मर्यादेबाहेर, आणि आमच्याकडे वाटण्या ६० मध्ये कधी निघालेल्या नाहीत.

मी या नियमाच्या विरोधात आहे असं वाटलं असेल तर चुकलात. मी साउंडवाला असून बाजूने आहे. कारण मला आवाज कळतो. मिक्सरवर दहा डेसिबल वाढवले की कानाला तो जवळपास दुप्पट वाटतो, आणि अंतर दुप्पट केल्यावर कमी होतात फक्त सहा. त्यातून बेस हा हट्टी प्राणी. गाण्याचे शब्द भिंतीला अडतात, बेस भिंतीतून जातो आणि म्हाताऱ्याच्या छातीवर बसतो. रात्री तर आणखी. जमिनीलगतची हवा गार, वरची उबदार, त्यामुळे वर जाणारा आवाज वाकून परत खाली येतो. मांडवीवर एका लग्नाच्या रिसेप्शनला माईक लावला होता. दुसऱ्या दिवशी एक तांडेल (होडीचा प्रमुख) भेटला. म्हणाला, "मतलई (जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा) सुटली होती रात्री, तुमच्या नवऱ्याच्या मामाचं भाषण आम्ही होडीवर ऐकलं. लय लांबवलंन." तेव्हा दहाला बंद म्हणजे बंद, योग्यच आहे. भांडण एवढंच की ते सगळ्यांना सारखं लागावं. भजनाच्या बुवाला दहाला पाच मिनिटं असताना फोन येतो, आणि कुणाचा तरी वाढदिवस असला की त्याच फोनची बॅटरी उतरते.

पण या दहाच्या नियमाने एक गोष्ट नेली, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. रात्रीचे राग गेले. मालकंस मध्यरात्रीनंतरचा, दरबारी मध्यरात्रीचा, सोहनी पहाटेच्या आधीची. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर चालायचा, लोक चादरी घेऊन जायचे. तो आता बहुतेक दिवस दहाला संपतो. आपल्याकडे थिबा राजवाड्याच्या आवारात जानेवारीत गाणं होतं. त्या राजवाड्यात ब्रह्मदेशाचा राजा १९१६ साली मरेपर्यंत नजरकैदेत होता, बिचाऱ्याला रात्री कितीही जागायला वेळ होता. आपल्याला नाही. पावणेदहाला भैरवी. जिथे जिथे उघड्यावर गाणं आहे तिथे हेच, आठ वाजता मालकंस ऐकायचा आणि मनातल्या मनात घड्याळ पुढे करायचं. मी काही मोठा जाणकार नाही, कन्सोलमागे बसून कान तयार झालेत इतकंच. तरी फरक कळतो. आठच्या मालकंसात लोक वडापाव खात असतात.

आणि गंमत बघा, त्याच नियमात वाट ठेवलेली आहे. बंद जागेत, म्हणजे प्रेक्षागृहात, समाजमंदिरात, बँक्वेट हॉलमध्ये आतल्या आत आवाज ठेवलात तर दहानंतर लाउडस्पीकर चालतो. बाहेर गेला नाही पाहिजे एवढंच. म्हणजे आपल्याला हवी एक दार बंद होणारी खोली. दीडशे माणसांची, जाड भिंतींची, वर पत्रा नसलेली (पत्र्याखाली पावसात माईक लावून बघा, तबल्याऐवजी पाऊस वाजतो), आणि भाडं असं की गावातल्या संस्थेला परवडेल. आहेत त्या जागा एकतर हजाराच्या आसपास माणसांच्या, नाहीतर लग्नाच्या. एका हॉलमध्ये तर मी दर वेळी हमिंग (स्पीकरमधली घूं घूं) मारत बसतो, कारण अर्थिंगच नाही. दहा वर्षं सांगतोय. नाव लिहीत नाही, त्यांचंच पुढचं काम माझ्याकडे आहे.

पबबद्दलही सांगून टाकतो. मला पबचं वावडं नाही. पण इथे एकाने लाइव्ह म्युझिकचा कॅफे काढला होता, त्याचं साउंड मीच लावलं होतं, त्यामुळे हिशोब डोळ्यांसमोर आहे. चाळीस खुर्च्या. गाणारा आणि गिटारवाला शनिवार-रविवार. दोन माणसांत एक कोल्ड कॉफी, दोन स्ट्रॉ, दोन तास. मे आणि डिसेंबरात पर्यटक, तेही बरेचसे गणपतीपुळ्याला राहणारे, अंधाराच्या आत परत जाणारे. जून ते सप्टेंबर बाहेर पाऊस आणि आत मालक. जून-जुलै मासेमारी बंद, तेव्हा गावातला खेळता पैसाही आटतो. हे पुण्यातून धंदा शिकून आलेल्याला कुणी सांगत नाही. वर्षभरात कॅफे मिटला. स्पीकर मी अर्ध्या किमतीत घेतले. वाईट वाटलं, पण घेतले.

दारू विकून भागलं असतं असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. भागलंही असतं कदाचित. पण मग तो गाण्याचा धंदा राहत नाही, गाणं हे चकण्यासारखं होतं. आणि चकण्यावर बसणारा माणूस गाणं ऐकत नाही, फर्माईश करतो.

खरी गोष्ट याच्याही पुढची आहे. कीबोर्ड वाजवणारी एक मुलगी आमच्याबरोबर यायची. हात इतका गोड की नमनवाले, ऑर्केस्ट्रावाले, भावगीतवाले सगळे तिला मागायचे. राहायला मिरजोळ्याच्या बाजूला. तिचे वडील प्रत्येक कार्यक्रमाला बाहेर मोटरसायकलवर बसून राहायचे, अकरा वाजेपर्यंत, पावसात रेनकोट घालून. गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मुलीचा कीबोर्ड बंद. कुणी तिला नाही म्हटलं नाही, कुणाची संस्कृती आड आली नाही, फक्त रात्री अकराला घरी कशी जाणार याचं उत्तर नव्हतं. रिक्षावाला जायला तयार, पण परतीचं भाडं नाही म्हणून दुप्पट मागतो, आणि त्याचंही बरोबर आहे. तेवढ्यात तिची निम्मी बिदागी जाते.

प्रेक्षकांचंही तेच. हौशी राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत चहा-वड्याच्या भावात नाटक बघायला मिळतं. पोरं दोन-दोन महिने तालमी करून येतात. मध्यंतर झालं की मागच्या रांगा रिकाम्या व्हायला लागतात. नाटक वाईट असतं म्हणून नव्हे (कधी कधी असतंही), शेवटची गाडी चुकेल म्हणून. कन्सोल मागे असतो, त्यामुळे मला नाटकापेक्षा पाठी जास्त दिसतात. साळवी स्टॉपच्या पुढे राहणारी बाई, कुवारबावचा मास्तर, शिरगावचं जोडपं. पर्स उचलायची, खुर्ची आवाज न करता सोडायची, दारातून एकदा वळून बघायचं. तिसऱ्या अंकाला मरणारा नट रिकाम्या खुर्च्यांपुढे मरतो.

म्हणून रीलवाल्या भावा, तुला माझं म्हणणं एवढंच. तू पब माग, माझी हरकत नाही, मला स्पीकर भाड्याने द्यायला आणखी एक गिऱ्हाईक. पण त्याआधी रात्री अकराला सुटणारी एक गाडी माग, जयस्तंभ ते कुवारबाव. एक उजेड असलेली मुतारी माग, बायकांसाठीही. बंदरावरच्या टपरीला हाकलू नका असं माग. हे मागायला कुणी कमेंटीत संस्कृती काढणार नाही. लाइक मात्र कमी येतील.

आम्ही एक करून बघितलं. दोन शनिवारांपूर्वी एका छोट्या नाटकाच्या प्रयोगाला ओळखीच्या सहा आसनीवाल्याला सांगून ठेवलं, प्रयोग सुटेपर्यंत थांब, माणशी ३० रुपये, रिकामी जागा राहिली तर भरपाई माझी. सुरुवातीला माईकवरून मीच घोषणा केली. लोक हसले. मध्यंतराला तिघं उठून गेली, एरवी तीस जातात. सुटल्यावर बाहेर आलो तर गाडीपाशी नऊ माणसं, त्यात सहा बायका, आणि गाडी सहा आसनी. दोन फेऱ्या झाल्या. साळवी स्टॉपची एक आजी पुढच्या सीटवर बसता बसता मला म्हणाली, "पुढल्या खेपेला तीन अंकी लावायला सांग रे त्यांना. हे फार लवकर संपलं."

दुसऱ्या फेरीत ती कीबोर्डवाली मुलगी होती. वाजवायला नव्हती आली, बघायला आली होती. पुढच्या प्रयोगाला वाजवशील का विचारलं तर म्हणाली, गाडी नक्की आहे का ते आधी सांगा. सहा आसनीवाल्याला फोन केलाय. तो ३० चे ४० मागतोय.