कॉइलओव्हर बसवताय? मग सेटिंग मागच्या सीटवर बसून ठरवा

घरच्या गाडीला ॲडजस्टेबल सस्पेन्शन बसवावं का, असं मला बरेच जण विचारतात. विचारणाऱ्याच्या मोबाइलवर बहुतेक वेळा एकच फोटो असतो: चाक आणि मडगार्ड यांच्यात बोटभरही फट नसलेली गाडी. माझं उत्तर ठरलेलं आहे. जरूर बसवा, चांगलं कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारा स्प्रिंग आणि शॉकचा संच, घरच्या गाडीचा स्वभाव खरोखर सुधारतं. पण गाडी किती खाली घ्यायची आणि किती कडक ठेवायची, हे ड्रायव्हरच्या सीटवरून ठरवू नका. गाडी भरल्यावर मागे जे बसतात त्यांच्या हिशेबाने ठरवा.

वस्तू तशी साधी आहे. शॉकॲब्सॉर्बरच्या नळीवर बाहेरून आटे पाडलेले असतात. त्या आट्यांवर एक कॉलर फिरते आणि कॉलरवर स्प्रिंग बसते. कॉलर खाली फिरवली की गाडी खाली येते, वर फिरवली की वर जाते. बहुतेक गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. 1950 च्या सुमारास फोर्डच्या गाड्यांतून तो रुळला, आणि त्यात स्प्रिंग व शॉक आधीपासूनच एका दांड्यावर असतात, त्यामुळे पुढचं काम सरळ होतं. मागे मात्र अनेक छोट्या गाड्यांना टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा, पिळ घेणारा आडवा बीम) असतो, तिथे स्प्रिंग वेगळी आणि शॉक वेगळा. अशा गाडीच्या किटमध्ये मागे खरं कॉइलओव्हर नसतंच. उंची बदलणारी बैठक असलेली स्प्रिंग आणि सुटा शॉक मिळतो. मागची बाजू पुढच्यासारखी वागेल असं गृहीत धरून सेटिंग करणाऱ्यांची पहिली गफलत इथेच होते.

आता खरा मुद्दा, ट्रॅव्हल. चाक वर उचललं गेल्यावर शॉक किती दबू शकतो आणि रबरी बंप स्टॉपला (हालचाल संपते तिथे बसवलेला ठोकळा) लागायला किती जागा उरते, यावर सगळा खेळ आहे. फक्त कॉलरवर उंची बदलणाऱ्या साध्या किटमध्ये गाडी 30 मिमी खाली घेतली की पुढच्या स्ट्रटची दबण्याची जागाही तेवढीच कमी होते. महागड्या किटमध्ये खालचा ब्रॅकेटच आट्यांवर फिरतो, त्यामुळे शॉकचा स्ट्रोक शाबूत राहतो. पण टायर मडगार्डला घासायचा तो घासतोच.

एक हिशेब मांडून दाखवतो. धरा, रिकाम्या गाडीत मागच्या एका कोपऱ्यावर 200 किलो वजन आहे आणि चाकापाशी स्प्रिंगचा कडकपणा 22 न्यूटन प्रति मिमी आहे. बंप स्टॉपपर्यंत 80 मिमी जागा आहे. आता मागे तीन माणसं बसली, डिकी भरली, आणि त्या कोपऱ्यावर 110 किलो वाढले. गाडी जवळपास 49 मिमी बसते. उरले 31. कंपनीने हा विचार करूनच 80 मिमी दिलेले असतात. तुम्ही आधीच 30 मिमी खर्च करून बसला असाल तर उरतो एक मिलिमीटर! म्हणजे घरातली सगळी माणसं घेऊन निघालेली गाडी स्प्रिंगवर नाही, रबराच्या ठोकळ्यावर चाललेली असते. एकट्याने चालवताना हे कधीच कळत नाही. आणि हा प्रश्न नुसत्या धक्क्यांचा नाही. भरल्या गाडीने वळणात असताना मागचं बाहेरचं चाक बंप स्टॉपला लागलं तर त्या कोपऱ्याचा कडकपणा एकदम वाढतो, टायरवरचा भार उडी मारतो आणि गाडीचा मागचा भाग सुटू पाहतो. ज्या दिवशी गाडीत सगळे असतात नेमक्या त्याच दिवशी.

यावर विक्रेते म्हणतात, म्हणूनच तर किटच्या स्प्रिंग कडक असतात. बरोबर आहे. तीच स्प्रिंग 35 ची घेतली तर 110 किलोला गाडी सुमारे 31 मिमीच बसेल. पण मग रिकाम्या गाडीचं काय होतं तेही बघा. 22 च्या स्प्रिंगवर त्या कोपऱ्याची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे धक्का बसल्यावर तो सेकंदाला किती वेळा वर-खाली होतो ते, 1.67 हर्ट्झच्या आसपास असते, 35 वर ती 2.1 होते. आरामदायी घरगुती गाडी साधारण 1 ते 1.5 मध्ये असते आणि मागचं टोक त्याहून थोडं वर. 2 च्या पुढे गेलात की तुम्ही ट्रॅकच्या गाडीच्या दिशेने निघालात.

मागचं टोक थोडं वर का, हे जाणून घेण्यासारखं आहे. मॉरिस ऑली हा इंजिनिअर रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्सकडे आला आणि 1930 च्या दशकात त्याने कॅडिलॅकमध्ये गाडीवर वजनं इकडून तिकडे हलवून प्रयोग केले. उंचवट्यावर पुढचं चाक आधी चढतं, मागचं नंतर. मागची स्प्रिंग किंचित लवकर हलणारी असेल तर ती पुढच्या हेलकाव्याला गाठते, आणि गाडी पुढे-मागे डुलण्याऐवजी सपाट वर-खाली होते. पुढे भलती कडक आणि मागे मूळचीच मऊ स्प्रिंग ठेवली की हे गणित उलटतं. मागे बसणाऱ्याला मळमळतं आणि ड्रायव्हरला वाटतं गाडी काय मस्त चिकटून चालली आहे! किट घेताना पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगचे आकडे मागा. ज्याला ते देता येत नाहीत त्याच्याकडून घेऊ नका.

भार बदलला तरी उंची तीच राहावी यासाठी सित्रोएनने 1955 साली डीएस या गाडीत तेल आणि गॅसवरचं सस्पेन्शन दिलं. माणसं बसली की गाडी आपोआप मूळ उंचीवर येई, आणि ड्रायव्हरला एका दांड्याने उंची बदलताही येई. ती घरगुती गाडीच होती, आणि माझ्या मते घरच्या गाडीत ॲडजस्टेबल सस्पेन्शनचा खरा उपयोग काय हे तिच्या इंजिनिअरना आजच्या निम्म्या किट बनवणाऱ्यांपेक्षा जास्त कळलं होतं.

आता क्लिक, म्हणजे शॉकचा कडकपणा बदलणाऱ्या नॉबचे टप्पे. 32 क्लिक आहेत म्हणजे 16 वाल्यापेक्षा दुप्पट चांगलं, असं मुळीच नसतं. बहुतेक किटमधला तो नॉब तेलाची एक बारीक वाट उघडतो किंवा बंद करतो. त्याचा असर शॉकच्या सावकाश हालचालींवर पडतो: वळणात झुकणं, लांब उंचवट्यावर तरंगणं. खड्ड्याची धार लागते तेव्हा तेल पिस्टनवरच्या पातळ चकत्यांच्या व्हॉल्व्हमधून जातं, आणि तिथे नॉबला फारसं स्थान नाही. त्यामुळे स्प्रिंगच चुकीची असेल तर क्लिक फिरवून काही साधत नाही. उलट, रिबाउंड (दबलेला शॉक परत उघडताना होणारा विरोध) फार आवळला तर ओळीने खड्डे लागल्यावर चाक पुरतं खाली येण्याआधीच पुढचा खड्डा येतो आणि गाडी पायरीपायरीने खाली बसत जाते. पुन्हा बंप स्टॉप. शिवाय बसलेल्या माणसाचं धड साधारण 4 ते 8 हर्ट्झच्या उभ्या थरथरीला सर्वांत जास्त हळवं असतं, आणि गरजेपेक्षा आवळलेला शॉक नेमकी तीच थरथर सीटपर्यंत पोचवतो.

मी सेटिंग करतो तेव्हा गाडी बायको चालवते आणि मी मागे बसतो, मागच्या चाकाच्या बरोबर वर. पुढे बसणारा दोन्ही चाकांच्या मधोमध असतो, त्यामुळे डुलण्याचा त्रास त्याला सर्वांत कमी होतो. हातात स्टिअरिंग असल्याने पुढचा धक्का कधी येणार हेही त्याला ठाऊक असतं. मागच्याला ते ठाऊक नसतं. शेजारी चाइल्ड सीटमध्ये मुलगी असते आणि मी तिची हनुवटी बघत राहतो. खड्ड्यानंतर डोकं एकदा हलून थांबलं तर ठीक. दोन-तीनदा डुललं तर रिबाउंड एखादा क्लिक वाढवतो, झटक्याने थरथरलं तर कमी करतो. क्लिक नेहमी नॉब पूर्ण बंद करून, तिथून मागे मोजायचे. उलटं मोजलं तर दोन्ही बाजू सारख्या लागतीलच असं नाही.

ट्रॅव्हल मोजायलाही एक सोपी युक्ती आहे. धूळरोधक रबर वर सरकवा आणि शॉकच्या चकचकीत दांड्यावर एक बारीक केबल टाय हलकेच आवळा, अगदी नळीला टेकून. गाडी पूर्ण भरून नेहमीच्या खराब रस्त्यावर एक फेरी मारा. टाय जिथवर सरकला तिथवर शॉक दबला. टाय बंप स्टॉपपाशी जाऊन चेपला असेल तर गाडी वर घ्यायची, त्यावर वाद घालायचा नाही.

बसवण्याच्या कामात एका गोष्टीबद्दल मी फार आग्रही आहे. लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणारा दांडा) आणि मागच्या बीमच्या बुशचे, म्हणजे सांध्यातल्या रबराचे, बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना शेवटचे आवळू देऊ नका. रबर त्या लटकत्या कोनात जखडतं आणि गाडी चाकांवर आली की कायम पिळलेलं राहतं. लवकर फाटतं, आणि तोवर विनाकारण कडकपणा वाढवतं. वजन चाकांवर आल्यावरच आवळायचे. तसंच डाव्या-उजव्या कॉलरखाली सारखे आटे दिसले म्हणजे काम झालं असं नाही. एक पाय कमी-जास्त असलेल्या टेबलासारखी गाडी दोन तिरक्या चाकांवर जास्त भार टाकू शकते. वजनकाटे मिळाले तर उत्तम, नाहीतर चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत उंची मोजून लिहून ठेवा.

दोन-चारशे किलोमीटरनंतर स्प्रिंग बसतात, तेव्हा अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर टायरची आतली कड बघता बघता जाईल. हेडलाइटचा झोत तपासा. पुढे कॅमेरा किंवा रडार असेल तर त्याचंही कॅलिब्रेशन करून घ्या. काही गाड्यांत, विशेषतः जुन्यांत, मागच्या ॲक्सलला जोडलेला भारानुसार ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी खाली आली की त्याला वाटतं मागे ओझं भरलंय, आणि तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. मग रिकाम्या गाडीची मागची चाकं आधी लॉक होतात. हा दांडा नव्या उंचीला जुळवायला लावा. विमा कंपनीला बदल कळवा, आणि तुमच्याकडे परवानगी लागत असेल तर तीही आधी घ्या.

आणि मूळचे शॉक थकले म्हणून गाडी हेलकावत असेल, तर आधी कंपनीचे नवे शॉक, माउंट आणि बुश टाकून बघा. त्यानंतरही काही कमी वाटलं तर कॉइलओव्हर घ्या, उंची मूळच्या जवळपास ठेवा, फार तर 10-15 मिमी खाली.

ज्यांनी बसवलंय त्यांनी तो केबल टाय लावून भरल्या गाडीत मागे किती ट्रॅव्हल उरतो ते मोजा, आणि गाडीचं मॉडेल व स्प्रिंगच्या आकड्यांसकट खाली लिहा. फोटोत दिसणारी फट सांगू नका, उरलेले मिलिमीटर सांगा.