थोपटणं, हफिंग आणि खोकला: तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की पाठ थोपटून कफ सोडवण्याला मी माझ्या लेखात 'कालबाह्य' ठरवलं, पण ब्राँकिएक्टेसिस (श्वासनळ्या कायमच्या रुंद होऊन त्यांत कफ साठण्याचा आजार) असलेल्या तुमच्या आईंचा कफ इतकी वर्षं त्यानंच सुटतो आहे; आणि हफिंग (घसा उघडा ठेवून जोरानं श्वास सोडणं) म्हणजे खोकल्यालाच दिलेलं भारदस्त नाव.

पहिल्या मुद्द्यावर चूक माझी. 'कालबाह्य' हा शब्द लेखातून काढतो आहे. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये (फुप्फुसात घट्ट कफ साठण्याचा आनुवंशिक आजार) कफ सोडवण्याच्या पद्धतींची एकमेकींशी तुलना झाली, तेव्हा कोणतीही एक पद्धत ठामपणे सरस ठरली नाही. ज्याला स्वतःहून श्वासाचा जोर लावता येत नाही किंवा सूचना समजत नाहीत, त्याच्यासाठी दुसऱ्याचा हात लागतोच. फक्त हाडं ठिसूळ असतील, बरगडीला इजा असेल किंवा थुंकीतून रक्त पडत असेल, तर थोपटू नका. डोकं खाली करून झोपवल्यावर आईंना जळजळ होत असेल किंवा दम लागत असेल, तर तेही थांबवा.

हफिंगबद्दल मात्र मी मागे हटणार नाही.

खोकताना घशातलं स्वरयंत्राचं दार क्षणभर घट्ट मिटतं, मागे दाब साठतो आणि दार एकदम उघडतं. निरोगी माणसाला हा झटका उपयोगी पडतो. ब्राँकिएक्टेसिसमध्ये नळ्यांच्या भिंती सैल झालेल्या असतात. त्या झटक्यानं काही नळ्या मिटतात, कफ मागेच अडकतो आणि माणूस उबळीनं थकून जातो. हफ करताना ते दार उघडंच राहतं. चष्म्याच्या काचेवर वाफ धरायला आपण 'हाऽऽ' करतो ना, तसंच, पण पोटाच्या स्नायूंचा जोर लावून.

जोरानं श्वास सोडताना छातीतला दाब नळ्यांना बाहेरून आवळतो. एका जागी आतला आणि बाहेरचा दाब सारखा होतो. तिथून तोंडाकडे नळी अरुंद होते, हवेचा वेग वाढतो आणि कफ पुढे ढकलला जातो. फुप्फुसात हवा कमी असेल तर ही जागा बारीक नळ्यांकडे सरकते. म्हणून आधी मध्यम श्वास घेऊन लांब हफ करायचा, आणि कफ वर आल्यासारखा वाटला की पूर्ण श्वास घेऊन आखूड हफ. जोर कुठे पोचवायचा हे असं ठरवता येतं; खोकल्याच्या उबळीत ते आपल्या हातात नसतं.

त्याआधी तीन-चार खोल श्वास, प्रत्येक सुमारे 3 सेकंद रोखून. फुप्फुसातल्या शेजारच्या कप्प्यांना जोडणाऱ्या बारीक वाटा असतात. रोखलेल्या श्वासात हवा त्यांतून कफाच्या मागे पोचते. मागे हवाच नसेल तर पुढे ढकलणार कोण? मधेमधे सावकाश, खांदे सैल सोडून श्वास घ्यायचा. हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि मग छातीत सूं सूं होते.

यांपैकी कशालाही उपकरण लागत नाही, त्यामुळे मी काही विकतो आहे ही शंकाही सोडा.

आईंच्या फिजिओथेरपिस्टना विचारून थोपटून झाल्यावर एक-दोन हफ करून बघा. श्वासनलिका मोकळ्या करणारा पंप दिलेला असेल तर तो आधी घेऊ द्या. रोज थोपटून तुमचे हात भरून येतात असंही तुम्ही लिहिलंय. हफ जमला तर तुम्ही घरी नसलात तरी आईंना त्यांचा कफ स्वतःच काढता येईल.